पूल बुडाला, आता प्रायमरी कोण?

या भागात मागे पंख्याचा आवाज येतोय, तो मी मुद्दाम काढलेला नाही. तुम्ही हे ऐकण्याऐवजी वाचत असाल तर तो तुमच्यापर्यंत पोचणार नाही, पण आजची गोष्ट पंख्यापासूनच सुरू होते.

३१ जुलै २०१२, मंगळवार. मी चंद्रपूरला, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये. शाळा बुडवून घरी. दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताची वीज एकदम गेली. आदल्या दिवशी पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी उत्तरेची गेलीच होती, ती जेमतेम सावरली आणि दुसऱ्या दिवशी तीन विभाग मिळून कोसळले. सुमारे ४८,००० मेगावॉटचा भार गेला, ६० कोटींहून जास्त लोक त्या पट्ट्यात. टीव्हीवर दिल्लीची मेट्रो बोगद्यात थांबलेली, आणि इकडे आमच्या डोक्यावर पंखा नेहमीसारखा कुरकुरत फिरत होता. मला वाटलं, आपल्याकडे कोळसा आहे, प्लँट घराशेजारी आहे, म्हणून.

बाबा थर्मल पॉवर स्टेशनात ऑपरेटर. संध्याकाळी शिफ्ट संपवून आले तेव्हा मी हे त्यांना ऐकवलं. ते हसले. म्हणाले, "कोळशाचं काय घेऊन बसला बाप्पा! तारा वेळेवर तुटल्या म्हून वाचलो."

तुटल्या म्हणून वाचलो. पंधराव्या वर्षी हे वाक्य डोक्यावरून गेलं. पुढे बीटेक झालो, पुण्यात नोकरी लागली, आणि दोन डेटा सेंटरमधल्या सर्व्हरांचं फेलओव्हर लावायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा ते वाक्य परत आलं. आज त्याचाच इतिहास सांगतो. थोडा विजेचा, थोडा सर्व्हरचा, आणि शेवटी थोडा माझ्या फजितीचा.

चंद्रपूरचं केंद्र १९८३ पासून वीज बनवतंय, आज त्याची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. वीज बनते इथे आणि लागते मुंबई-ठाण्याकडे. म्हणून १९९९ मध्ये चंद्रपूर ते भिवंडीजवळचं पडघे अशी ७५२ किलोमीटरची हाय व्होल्टेज डीसी लाइन सुरू झाली. १,५०० मेगावॉट, अधिक-उणे ५०० किलोव्होल्ट. तिला बायपोल म्हणतात, म्हणजे एक पोल अधिकचा आणि एक उण्याचा. यातला एक पोल बंद पडला तरी दुसरा चालू राहतो, परतीचा करंट जमिनीतून जातो, आणि निम्मी वीज पोचत राहते. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन नोड, दोन्ही काम करणारे, एक पडला तर दुसरा अर्ध्या क्षमतेवर गाडा ओढतो. लहानपणी ते मनोरे बघत आम्ही ताडोब्याकडे सायकली हाणायचो. ते फेलओव्हरचं मॉडेल आहे हे कुणी सांगितलं असतं तर इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष सोपं गेलं असतं.

पण माझ्या मते जास्त भारी चीज आहे ती भद्रावतीला. चंद्रपूरपासून जवळच. १९९७-९८ च्या सुमारास पॉवरग्रिडने तिथे ५००-५०० मेगावॉटच्या दोन युनिटांचं 'बॅक टू बॅक' स्टेशन उभारलं. एका बाजूला पश्चिमेचं ग्रिड, दुसऱ्या बाजूला रामगुंडमकडून येणारं दक्षिणेचं. पश्चिमेची एसी वीज आत येते, तिची डीसी होते, आणि त्याच कुंपणाच्या आत परत एसी होऊन दक्षिणेला जाते. मध्ये डीसीची लांब लाइन नाहीच. एका इमारतीत वीज उलटीपालटी करायला एवढा खर्च का?

कारण त्या काळी ही दोन ग्रिडं एका तालावर चालत नव्हती. एसी ग्रिडमध्ये जोडलेलं प्रत्येक जनरेटर एकाच लयीत फिरतं, सेकंदाला ५० आवर्तनं. बाबांनी मला हे बैलांवरून समजावलं. एका जुवाला जुंपलेले बैल. सगळे एका पावलाने चालतात, एक दमला तर बाकीचे ओढून नेतात, ताकद मोठी. पण एक बैल खड्ड्यात गेला तर जू त्याच्याबरोबर बाकीच्यांनाही खाली ओढतं. दक्षिणेचं ग्रिड म्हणजे वेगळी बैलगाडी. भद्रावतीला दोन गाड्या शेजारी उभ्या करून पोती हाताने इकडून तिकडे टाकायची. "तिकडचा बैल पडला त इकडचा कायले पडन? जू एक नाही ना."

वीजवाले पहिल्या प्रकाराला सिंक्रोनस जोडणी म्हणतात आणि दुसऱ्याला असिंक्रोनस. ज्यांनी डेटाबेसचं काम केलंय त्यांचे कान आत्ता टवकारले असतील. थांबा, तिकडे येतोच.

आता २०१२ चं कोडं सुटतं. तेव्हा उत्तर, पूर्व, ईशान्य आणि पश्चिम हे चारही विभाग एकाच जुवाला होते. उत्तरेने प्रमाणाबाहेर वीज ओढली, बीना-ग्वाल्हेर ही ४०० किलोव्होल्टची लाइन ट्रिप झाली, भार दुसऱ्या वाटांनी वळला, त्याही एकामागून एक गेल्या. त्या साखळीत पश्चिमेला बाकीच्यांशी जोडणाऱ्या लाइनीही सुटल्या आणि आम्ही वेगळे पडलो. वेगळे पडलो म्हणून टिकलो. दक्षिण तर जुवात नव्हतीच. तिला पूर्वेकडून येणारी वीज तुटली, थोडा भार काढावा लागला, पण ग्रिड उभं राहिलं.

पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला सोलापूर-रायचूर ही ७६५ किलोव्होल्टची लाइन सुरू झाली आणि दक्षिणही त्याच लयीत आली. पूर्ण देश एक जू. भद्रावतीचं स्टेशन राहिलं, पण दोन वेगळ्या लयींच्या मध्ये उभं राहायचं त्याचं मूळ काम संपलं. मला हा निर्णय बरोबरच वाटतो, कारण मोठ्या ग्रिडला धक्के पचवायची ताकद जास्त असते आणि वीज कुठूनही कुठे नेता येते. तरी त्या फटीबद्दल मला जरा हळहळ वाटते. ऊर्जानगरच्या पोरांना अशा गोष्टींची हळहळ वाटते, काय करणार.

तर सर्व्हरकडे येऊ.

विजेचं एक सुख आहे. तिला आठवण नसते. पडघ्याला काल कोणती वीज आली होती याच्याशी आजच्या बल्बला काही घेणंदेणं नाही. त्यामुळे एक पोल गेला तर दुसऱ्याने पोल बदलायचा, संपलं. डेटाबेसची गोष्ट उलटी. तुम्ही दुपारी १२ वाजून ५ मिनिटांनी पाचशे रुपये पाठवले आणि १२ वाजून ६ मिनिटांनी सर्व्हर बदलला, तर नव्या सर्व्हरला ते पाचशे रुपये माहीत असायला हवेत. नुसता दुसरा सर्व्हर तयार ठेवून भागत नाही. पहिल्याने लिहिलेली प्रत्येक ओळ दुसऱ्याच्या वहीत उतरवत राहावी लागते. यालाच रेप्लिकेशन म्हणायचं. न पडणारी यंत्रं विकायचा धंदा जुना आहे, टँडम कंपनीने १९७६ मध्ये 'नॉनस्टॉप' नावाचा कॉम्प्युटर बाजारात आणला होता. पण एका खोलीत दोन प्रोसेसर ठेवणं वेगळं आणि दोन शहरांत दोन वह्या ठेवणं वेगळं.

वह्या उतरवायच्या दोन पद्धती, आणि त्यांची नावं तुम्ही आत्ताच ऐकलीत. सिंक्रोनस म्हणजे पहिला सर्व्हर ओळ लिहितो, दुसऱ्याकडे पाठवतो, त्याचं 'मिळाली' आलं की मगच ग्राहकाला 'झालं' सांगतो. एकही ओळ हरवत नाही. पण दुसरा सर्व्हर अडला की पहिलाही वाट बघत बसतो. एकच जू. असिंक्रोनस म्हणजे पहिला लगेच 'झालं' सांगून मोकळा होतो, ओळ मागून जाते. दुसरा पडला तरी पहिल्याला फरक नाही. पण पहिलाच जळून गेला तर वाटेत असलेल्या ओळी गेल्या. पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी हा इतिहास डोळ्यासमोर घडताना पाहिलाय. २०१० च्या ९.० आवृत्तीत स्ट्रीमिंग रेप्लिकेशन आलं ते असिंक्रोनस, आणि २०११ च्या ९.१ मध्ये सिंक्रोनसची सोय आली. दोन्हींपैकी काय निवडायचं ते कॉन्फिगच्या एका ओळीत ठरतं, आणि ती ओळ बहुतेक वेळा कुणीतरी घाईत, जुन्या प्रोजेक्टमधून कॉपी केलेली असते.

मग सगळीकडे सिंक्रोनसच का नाही लावायचं? अंतरामुळे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. चंद्रपूर ते पडघे ७५२ किलोमीटर, म्हणजे जायला ३.८ मिलिसेकंद, जाऊन यायला साडेसात. मुंबई-चेन्नई सरळ रेषेत हजार किलोमीटर धरा, तर जाऊन यायला किमान १० मिलिसेकंद. तुम्हाला मला हा वेळ काहीच नाही. शेअर बाजाराला मात्र हा काळ युगासारखा. म्हणून मोठ्या संस्था तिहेरी मांडणी करतात. मुख्य जागा, तिच्या जवळच एक जागा जिथे ओळ न ओळ लगेच उतरते, आणि लांब एक जागा जिथे थोडी मागाहून पोचते.

राष्ट्रीय शेअर बाजाराची, म्हणजे एनएसईची मांडणीही अशीच. मुख्य जागा मुंबईत, लांबची चेन्नईत. २४ फेब्रुवारी २०२१ ला सकाळी पावणेबाराच्या आधी एनएसईचे व्यवहार थांबले. एनएसईने नंतर जे सांगितलं ते असं: दोन वेगळ्या कंपन्यांच्या टेलिकॉम लिंक घेतलेल्या होत्या, म्हणजे एक गेली तर दुसरी. पण रस्त्याच्या खोदकामांमुळे दोन्ही डळमळल्या. लिंक गेली तरी मुख्य जागेवरचं स्टोरेज चालू राहायला हवं होतं, ते अडकलं. त्यामुळे क्लिअरिंगची जोखीम तपासणारी यंत्रणा मिळेना. गंमत बघा, ट्रेडिंगची यंत्रणा धड होती. पण जोखीम तपासल्याशिवाय सौदे करू देता येत नाहीत, म्हणून बाजार बंद.

चेन्नईची जागा असूनही व्यवहार त्या दिवशी तिकडे हलवले गेले नाहीत. पावणेचारला बाजार परत उघडला आणि पाचपर्यंत चालला. मधल्या चार तासांत ज्यांनी सकाळी इंट्राडे सौदे घेतले होते त्यांचे हात बांधलेले. बीएसई चालू होतं, काहींनी तिकडे मिळेल त्या भावाला सौदे मिटवले.

२२ मार्च २०२१ ला सेबीने नियम घट्ट केले. महत्त्वाची यंत्रणा बिघडली तर अर्ध्या तासात 'आपत्ती' जाहीर करायची, आणि जाहीर केल्यावर ४५ मिनिटांत दुसऱ्या जागेवरून काम सुरू. मला यातला पहिला भाग जास्त आवडतो, कारण आमच्या धंद्यात यंत्र बदलायला दोन मिनिटं लागतात आणि 'बदलूया' म्हणायला दोन तास. प्रत्येकाला वाटतं, पाच मिनिटांत मूळ सर्व्हर उठेल. २ मार्च २०२४, शनिवार असूनही बाजार मुद्दाम भरवला गेला, सकाळचं सत्र मुख्य जागेवरून आणि साडेअकराचं लांबच्या जागेवरून. खरे सौदे, खरे पैसे. ड्रिल करायची तर अशी.

आता जरा खाली गडचिरोलीत जाऊ.

आलापल्लीहून भामरागडला गेला असाल तर गावाच्या तोंडाशी पर्लकोटा नदी लागते. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती, तिघींचा संगम तिथे. जुना पूल ठेंगणा. जोराचा पाऊस झाला की पूल पाण्याखाली आणि भामरागड जगापासून तुटलेलं. २०१९ च्या पावसाळ्यात तर हे पुन्हा पुन्हा झालं, बाजारपेठेत पाणी शिरलं. बरेचदा वीज आणि मोबाइलची रेंजही पुराबरोबर जाते.

आता तुम्ही अलीकडच्या काठावर उभे आहात. पलीकडून काही खबर नाही. पलीकडे सगळे ठीक आहेत आणि फक्त पूल बुडालाय, की पलीकडे काही उरलंच नाही? इकडून ते कळायला मार्ग नाही. सर्व्हरलाही तो नसतो. एक क्लस्टर दुसऱ्याला दर काही सेकंदांनी 'आहेस का?' विचारतो, त्याला हार्टबीट म्हणतात. उत्तर आलं नाही तर समोरचा मेला की नुसती तार तुटली, हे त्याला आतून ओळखता येत नाही. कॉम्प्युटर सायन्समध्ये १९७८ पासून हे कोडं दोन सेनापतींच्या रूपात सांगतात. मी आमच्याकडच्या पोरांना शिकवताना सेनापती बाजूला ठेवतो, भामरागडचा पूल सांगतो. लगेच कळतं.

आणि इथे सगळ्यात मोठी चूक होते. दुसरा क्लस्टर ठरवतो, तो मेला, आता मी प्रायमरी. पहिला मेलेला नसतोच. दोघेही लिहायला लागतात. नावच स्प्लिट ब्रेन. २१ ऑक्टोबर २०१८ ला गिटहबचं हेच झालं. बिघडत चाललेलं एक नेटवर्क उपकरण बदलताना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची त्यांची लिंक तुटली, फक्त ४३ सेकंद. तेवढ्यात आपोआप फेलओव्हर करणाऱ्या यंत्रणेने पश्चिम किनाऱ्यावर नवे प्रायमरी निवडले. पूर्वेला काही ओळी लिहिल्या गेल्या होत्या ज्या पश्चिमेला पोचल्या नव्हत्या, आणि पश्चिमेने नव्या लिहायला घेतल्या. त्यांच्या एका सगळ्यात गजबजलेल्या क्लस्टरवर अशा ९५४ ओळी होत्या. ४३ सेकंदांची किंमत, २४ तास ११ मिनिटं विस्कळित सेवा.

गडचिरोलीच्या दुर्गम गावांसाठी प्रशासन काय करतं? पावसाळ्याआधीच रेशनचं धान्य पुढे नेऊन ठेवतं. पूल बुडणार हे धरूनच चाललेलं असतं, पूर आल्यावर ट्रक कुठून न्यायचा याची चर्चा करायची नाही. प्रत आधीच पलीकडे. पण धान्याचीही विजेसारखीच सोय आहे, पलीकडे कुणी दोन पोती जास्त वाटली म्हणून इकडची पोती खोटी ठरत नाहीत. वहीचं तसं नाही.

आता फजिती. कंपनीचं नाव राहू दे, मी आता तिथे नाही. आम्ही बचत गटांच्या कर्जाचे हप्ते गोळा करणाऱ्यांसाठी ॲप चालवायचो. एजंट गावात जातो, बाई पैसे देते, ॲपवर पावती फाटते. दोन डेटा सेंटर, दोन क्लस्टर, मध्ये असिंक्रोनस रेप्लिकेशन. हार्टबीट दर दहा सेकंदांनी, तीनदा चुकला की दुसरा स्वतःला प्रायमरी करणार. कॉन्फिग मी लिहिलं होतं. तिसरी साक्षीदार जागा मी मागितली होती, खर्च जास्त म्हणून नाही म्हणाले, आणि मीही ताणून धरलं नाही.

एका सोमवारी सकाळी लिंक चार मिनिटं गेली. अर्ध्या मिनिटात दुसरा क्लस्टर प्रायमरी झाला. पहिला जिवंतच होता. नवीन लॉगिन दुसऱ्याकडे जायला लागली, पण ज्या ॲप सर्व्हरांनी जुनी कनेक्शन उघडी धरून ठेवली होती ते पहिल्याकडेच लिहीत राहिले. लिंक परत आली तेव्हा रेप्लिकेशन चिडीचूप बंद पडलेलं, आणि अलर्ट ज्या ग्रुपवर यायचा तो सगळ्यांनी म्यूट केलेला. एकोणीस मिनिटं दोन राजे. पावत्यांचे नंबर दोन्हीकडे एकाच क्रमाने वाढत होते, त्यामुळे ३११ नंबर दोन-दोन बायकांना गेले.

तीन दिवस आम्ही चौघं एक्सेल उघडून बसलो. कोणती ओळ कुणाची. नंतर जे बदललं ते साधंच. तिसऱ्या शहरात एक छोटा सर्व्हर, जो डेटा ठेवत नाही, फक्त मत देतो. तीनपैकी दोघांचं मत असेल तोच लिहिणार, एकटा पडलेला गप्प बसणार. प्रायमरी बदलायच्या आधी जुन्याची वीज किंवा नेटवर्क तोडायचं, याला आमच्याकडे 'शूट द अदर नोड' म्हणतात, नाव रांगडं आहे पण काम तेच. ॲपची कनेक्शन काही मिनिटांत आपोआप जुनी ठरून बंद होणार. आणि प्रत्येक हप्त्याला फोनवरच एक वेगळा क्रमांक मिळणार, म्हणजे तीच विनंती दोनदा आली तर ओळखता येईल.

हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, "तार तुटली तवा तोडलं काहून नाही?"

३११ पैकी ३१० चा निकाल लागला. एक उरली. एकाच बाईच्या नावावर, दोन्ही वह्यांत, ६४० रुपये, नऊ मिनिटांच्या अंतराने. ती म्हणाली, मी दोन हप्ते भरले, मागचा राहिला होता. एजंट म्हणाला, एकदाच भरला, रेंज गेली म्हणून मी बटण परत दाबलं. तेव्हा फोनवरचा तो वेगळा क्रमांक नव्हता, त्यामुळे दोन ओळींत फरक करायला आमच्याकडे काहीच नव्हतं. कंपनीने दोन्ही हप्ते जमा धरले. एजंटला दिवसअखेरीस रोख ६४० ने कमी पडली, ती त्याच्या कमिशनमधून कापली गेली. ते कापू नका असा मेल मी लिहिला होता, त्याला उत्तर आलं नाही. त्यानंतर एजंटने मला दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा मी उचलला नाही.